ओसरीवरचे मिशन : ग्रामीण आफ्रिकेतील ख्रिस्ती मिशनरी कुटुंबे आणि त्यांचे वस्तीतले काम

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकात जी ख्रिस्ती मिशनची ठाणी उभी राहिली, त्यांच्या मध्यभागी बहुधा एक घर असे. जाड मातीच्या भिंती, गवताचे आणि पुढे पत्र्याचे छप्पर, बाजूंनी ओसरी. घराला लागून प्रार्थनामंदिर, शाळा, औषधांची खोली, सुतारकामाची पडवी, भाजीचा मळा आणि जमलेच तर पाण्याचा पाट. मंदिरात गर्दी रविवारी होई. ओसरीवर ती रोज असे. तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेली आई, शिवण शिकायला बसलेल्या मुली, भांडण मिटवायला मध्यस्थ शोधणारे गावकरी, नवऱ्याने टाकलेली बाई, पाटीवर अक्षरे गिरवणारी पोरे अशी सगळी माणसे तिथे येत. हे काम बहुतेक ठिकाणी मिशनऱ्याची बायको सांभाळत असे. संस्थेच्या वेतनपत्रकावर मात्र नाव नवऱ्याचे असे.

आफ्रिकेतील ख्रिस्ती प्रसाराचा इतिहास बराच काळ प्रवचने, प्रवास आणि बाप्तिस्मे यांच्या नोंदींवरून लिहिला गेला. त्यामुळे एका पुरुषाने नदी ओलांडली, राजाची भेट घेतली, बायबलचे भाषांतर केले, असे चित्र तयार झाले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खेड्यापाड्यांतले मिशन उभे राहिले ते कुटुंबाच्या आधारावर, आणि त्याचा सर्वांत मोठा संघर्षही कुटुंब कसे असावे या प्रश्नावरच झाला. कुटुंब म्हणताना दोन प्रकारची घरे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. एक बाहेरून आलेल्यांचे, ज्याच्याविषयी पत्रे, दैनंदिन्या आणि छायाचित्रे विपुल आहेत. दुसरे आफ्रिकी शिक्षकाचे, प्रचारकाचे आणि त्याच्या बायकोचे, ज्याच्याविषयी कागद थोडे, पण ज्याने केलेले काम कितीतरी अधिक आहे. १९१० साली सहाराच्या दक्षिणेकडील लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे ९ टक्के होते. २०१० साली ते सुमारे ६३ टक्के झाले. एवढा बदल मूठभर परदेशी पाहुण्यांच्या हातून होणे शक्य नव्हते.

या इतिहासाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला नाही. काँगोच्या राजाने १४९१ साली पोर्तुगीज धर्मगुरूंकडून बाप्तिस्मा घेतला होता. गोव्याहून निघालेला जेझुइट गोन्सालो द सिल्व्हेरा १५६० साली झांबेझीच्या दक्षिणेकडील मुतापा राज्यात पोचला आणि पुढच्याच वर्षी मारला गेला. मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले, त्यामुळे त्या किनाऱ्याच्या चर्चशी गोव्याचा संबंध जुना आहे. पण हे सारे धर्मगुरू ब्रह्मचारी होते. त्यांच्या मिशनमध्ये मठ होता, संसार नव्हता. संसार आला तो प्रोटेस्टंटांबरोबर.

तोही लगेच आला नाही. जर्मनीतील मोरेव्हियन पंथाचा गेओर्ग श्मिट १७३७ साली केपच्या वसाहतीत आला तेव्हा एकटाच होता. त्याने तिथल्या मूळ रहिवासी खोइ लोकांपैकी काहींना वाचायला शिकवले, थोड्यांना बाप्तिस्मा दिला आणि वसाहतीच्या धर्मगुरूंनी विरोध केल्यावर १७४४ साली तो परत गेला. मोरेव्हियन पुन्हा आले ते १७९२ साली. तेव्हा श्मिटने बाप्तिस्मा दिलेली माग्दालेना नावाची खोइ बाई म्हातारी झाली होती. तिने त्याने दिलेला नवा करार जपून ठेवला होता. तिथेच पुढे खेनाडेंडाल हे गाव वाढले. जवळजवळ अर्धे शतक एकही मिशनरी नसताना वाचन आणि प्रार्थना एका घरात टिकून राहिली, ही गोष्ट मिशनच्या जुन्या पुस्तकांत एक हृद्य आठवण म्हणून येते. तिचे महत्त्व त्याहून मोठे आहे: पुढच्या दोन शतकांत खेड्यांमध्ये हेच पुन्हा पुन्हा घडणार होते.

अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये एकामागून एक मिशन संस्था निघाल्या. १७९२ साली बॅप्टिस्ट, १७९५ साली लंडन मिशनरी सोसायटी, १७९९ साली चर्च मिशनरी सोसायटी. लंडन संस्थेचे दक्षिण आफ्रिकेतील पहिले मिशनरी स्थानिक समाजात सहज मिसळले. जेम्स रीडने १८०३ साली एका खोइ स्त्रीशी लग्न केले. डच डॉक्टर योहानेस व्हान देर केम्प याने साठीच्या जवळ असताना १८०६ साली, स्वतः गुलामगिरीतून सोडवलेल्या, मादागास्करच्या वंशातील अगदी कोवळ्या वयाच्या मुलीशी लग्न लावले. या विवाहांनी लंडनमध्ये अस्वस्थता पसरली. वसाहतीतल्या गोऱ्यांनी टीका केली आणि संस्थेचे धोरण हळूहळू बदलले. मिशनऱ्याने युरोपातूनच बायको आणावी आणि त्यांच्या घराने आदर्श ख्रिस्ती कुटुंब कसे असते ते गावाला दाखवावे, अशी अपेक्षा रूढ झाली. वंशाची भिंत घालणारा हा निर्णय होता. त्याचे परिणाम शंभर वर्षे टिकले.

या नव्या नमुन्याचे सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे कलहारीच्या कडेला असलेले कुरुमान. लंडन संस्थेचा रॉबर्ट मोफट १८१७ साली केपला पोचला. त्याच्याशी लग्न ठरलेल्या मेरी स्मिथच्या आईवडिलांनी आधी तिला परवानगी नाकारली. ती मिळाल्यावर मेरी १८१९ साली एकटीच समुद्रमार्गे आली आणि केपटाउनमध्ये दोघांचे लग्न झाले. पुढची सुमारे पन्नास वर्षे ते त्स्वाना लोकांमध्ये राहिले. कुरुमानच्या झऱ्याचे पाणी पाटाने आणून त्यांनी बाग आणि शेत केले. १८३१ साली छापखाना आला. १८४० साली सेत्स्वाना भाषेतला नवा करार आणि १८५७ साली संपूर्ण बायबल पूर्ण झाले. भाषांतरावर रॉबर्टचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या काळात दहा बाळंतपणे, त्यातल्या काही मुलांचे अकाली मृत्यू, साबण आणि मेणबत्त्या घरी करणे, शाळा चालवणे, वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची सोय पाहणे आणि नवरा महिनोन्महिने दूर असताना ठाणे सांभाळणे हे मेरीने केले. हे केले नसते तर भाषांतराला लागणारा निवांत वेळ कुठून आला असता, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

मोफट दांपत्याची थोरली मुलगी मेरी आफ्रिकेतच जन्मली आणि सेत्स्वाना बोलतच वाढली. १८४५ साली तिचे लग्न डेव्हिड लिव्हिंगस्टनशी झाले. कोलोबेंग येथे तिने शाळा काढली. गावातल्या बायकांशी तिचे नाते नवऱ्याच्या नात्याहून सहज होते, कारण ती त्यांच्या भाषेत वाढलेली होती. पण लिव्हिंगस्टनची ओढ पुढच्या क्षितिजाकडे होती. दिवस गेलेले असतानाही त्याने तिला लहान मुलांसह कलहारी ओलांडायला नेले. १८५० सालच्या प्रवासानंतर जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच दगावली. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रवास ठरला, तेव्हा मेरीच्या आईने जावयाला कडक शब्दांत पत्र लिहिले. १८५२ साली मेरी आणि चार मुले ब्रिटनला रवाना झाली. तिथे हक्काचे घर नव्हते, पैसे तुटपुंजे होते आणि ओळखीची भाषा मागे राहिली होती. १८६२ साली झांबेझीच्या काठी शुपांगा येथे हिवतापाने ती वारली. लिव्हिंगस्टनची कीर्ती जगभर पसरली. त्या कीर्तीची किंमत कुटुंबाने मोजली, हे आज निःसंकोच म्हणता येते.

लिव्हिंगस्टनच्या कथेचा शेवट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेली अनेक आफ्रिकी मुले मुंबईला आणली जात आणि त्यांतली पुष्कळ चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळील शरणपूर वसाहतीत वाढत. १८५४ साली स्थापन झालेल्या शरणपुरात शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवले जात. विल्यम सॉल्टर प्राइस हा तिथला प्रमुख मिशनरी. १८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईत आला तेव्हा अखेरच्या मोहिमेसाठी त्याने नाशिकच्या शाळेतले काही तरुण निवडले. चुमा हा मुलगा आधीच मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलेला होता, तोही पुन्हा त्याच्याबरोबर गेला. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट पुढे मोहिमेत सामील झाला. १८७३ साली चितांबो या प्रमुखाच्या गावात लिव्हिंगस्टन मरण पावला. तेव्हा जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्युलेख कोरला. मोहिमेतला जुना सेवक सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी वाळवलेला मृतदेह अनेक महिने चालत किनाऱ्यावर नेला. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला जेकब उपस्थित होता.

ही गोष्ट बरीच सांगितली जाते. त्याहून कमी सांगितली जाते ती नाशिकच्या कुटुंबांची. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे आफ्रिकी तरुण १८६० च्या दशकात मोंबासाजवळच्या रबाई येथे कामाला गेले. रबाईचे ठाणे योहान लुडविग क्राप्फ आणि योहानेस रेबमान यांनी १८४६ साली घातले होते. त्याआधी १८४४ साली मोंबासाला पोचल्यावर दोन-तीन महिन्यांतच क्राप्फची पत्नी रोझीन आणि तिचे नवजात बाळ तापाने गेले होते. पुढे १८७५ साली प्राइसने मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसवले. मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्या गावाला मिळाले आणि शरणपुरातून आणखी कुटुंबे तिकडे गेली. तिथल्या लोकांनी त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हटले. शाळा, चर्च, कार्यशाळा आणि दुभाषाचे काम यांवर ती वसाहत उभी राहिली, आणि हे सारे सांभाळणारे लोक आशियात वाढून आफ्रिकेत परतलेले होते. १८८० च्या दशकात आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला आश्रयाला येऊ लागले. जोन्सने त्यांना परत पाठवले नाही. संस्थेतल्या काही गोऱ्या अधिकाऱ्यांना ते अडचणीचे वाटले, मालकांनी हल्ल्याची धमकी दिली. शेवटी तिथला कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कंपनीने मालकांना भरपाई देऊन १८८९ च्या आरंभी सुमारे चौदाशे जणांना मुक्तीचे कागद दिले. ज्याला लहानपणी स्वतः विकले गेल्याचा अनुभव होता त्या माणसाने घेतलेला हा निर्णय पूर्व आफ्रिकेच्या मिशन-इतिहासातील सर्वांत धैर्याच्या निर्णयांपैकी एक आहे. त्याला मराठी वाचकांच्या ओळखीत जागा मिळायला हवी.

पश्चिम किनाऱ्यावर चित्र वेगळे होते. तिथे युरोपीय कुटुंब टिकतच नव्हते. स्वित्झर्लंडच्या बाझल मिशनने १८२८ साली आजच्या घानाच्या किनाऱ्यावर चार तरुण पाठवले. वर्षभरात तिघे गेले, चौथा थोड्या अवधीने. त्यांच्या जागी आलेल्या आंद्रेआस रीसला एका आफ्रिकी वैद्याच्या औषधाने जीवदान मिळाले आणि १८३५ साली तो डोंगरातल्या आक्रोपाँगला जाऊन राहिला. १८४३ साली मिशनने वेगळाच मार्ग काढला: जमैका आणि अँटिग्वा बेटांवरच्या मोरेव्हियन मंडळीतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती कुटुंबे तिथे आणून वसवली. बायका, मुले, रोपे, बियाणे सगळे बरोबर होते. त्यांच्यात कॅथरीन मलग्रेव्ह होती. अंगोलात जन्मलेली, गुलामांच्या जहाजावरून जमैकाच्या किनाऱ्याला लागलेली, तिथल्या गव्हर्नरच्या घरी वाढलेली. किनाऱ्यावरच्या क्रिस्टियान्सबोर्ग येथे तिने मुलींची शाळा चालवली. पहिला विवाह मोडल्यावर १८५१ साली तिने जर्मन मिशनरी योहानेस त्सिमरमानशी लग्न केले. वरिष्ठांना ते रुचले नाही. त्सिमरमानने गा भाषेत बायबलचे जे भाषांतर केले, ते ती भाषा घरात आणि शाळेत रोज बोलली जात असताना.

बाझल मिशनच्या इतर विवाहांची रीत वेगळी होती. मिशनऱ्याने काही वर्षे सेवा केल्यावर लग्नाची परवानगी मागायची, समितीने वधू शोधायची, आणि तिने कधी न पाहिलेल्या माणसाशी संसार करायला समुद्र ओलांडायचा. १८४७ साली आक्रोपाँगला आलेल्या रोझीन विडमानची दैनंदिनी हा अशा जीवनाचा मौल्यवान पुरावा आहे. याच मिशनने गावाबाहेर ‘सालेम’ नावाची ख्रिस्ती पेठ वसवण्याची पद्धत रुजवली. सरळ रस्ते, फुलझाडे, स्वतंत्र शिस्त. पूर्व किनाऱ्यावरच्या बागामोयो येथे कॅथलिकांनीही १८६८ पासून मुक्त केलेल्या मुलांना वाढवून, त्यांची लग्ने लावून ख्रिस्ती गावे वसवली. अशा गावांत सुरक्षितता होती, शिक्षण होते. पण नातलगांपासून तुटलेले कुटुंब मिशनच्या मर्जीवर अवलंबून राहत असे, हा त्या पद्धतीतला मोठा दोष होता.

अलग वसाहतीला पर्याय सुचवणारा विचार चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचा. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा आणि स्वतः प्रसार करावा. मिशनऱ्याने पाया घालून पुढे जावे. त्याचे मूर्त रूप म्हणजे सॅम्युएल अजायी क्राउदर. १८२१ साली पकडून विकलेला हा योरुबा मुलगा दुसऱ्या वर्षी सुटून सिएरा लिओनमध्ये आला. त्याची पत्नी सुझनही तशीच सुटलेली होती. १८४६ साली अबेओकुटात त्याला पंचवीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेली आई भेटली. १८६४ साली तो बिशप झाला. नायजर नदीकाठी त्याने उभे केलेले मिशन जवळजवळ पूर्णपणे आफ्रिकी कुटुंबांच्या हातात होते. साम्राज्याचा जोर वाढल्यावर तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्याच्या सहकाऱ्यांवर ठपके ठेवून ती रचना मोडली. क्राउदर १८९१ साली वारला. व्हेनचा विचार पराभूत झाला तो अनुभवाने नव्हे, वर्णाच्या अहंकाराने.

आणखी दोन प्रवाहांची ओळख नवख्या वाचकाला हवी. एक स्कॉटिश, शिक्षण आणि हस्तव्यवसायांवर भर देणारा. दक्षिण आफ्रिकेतले लव्हडेल आणि मलावी सरोवराकाठचे लिव्हिंगस्टोनिया ही त्याची केंद्रे. याच प्रवाहात तियो सोगा घडला. ग्लासगोला शिकून १८५६ साली दीक्षित झालेला हा खोसा पाळक स्कॉटिश पत्नी जॅनेट बर्नसाइडसह परतला आणि म्ग्वाली येथे काम करू लागला. त्यांचा एक मुलगा डॉक्टर झाला, दुसरा पशुवैद्य. वर्णभेदाच्या त्या समाजात हे घर स्वतःच एक विधान होते. दुसरा प्रवाह श्रद्धेवर चालणाऱ्या, ठराविक पगार न देणाऱ्या मिशनांचा. १८९५ साली निघालेले आफ्रिका इनलँड मिशन त्यांतले. त्यांचा भर दुर्गम वस्त्यांमध्ये उपदेशावर होता. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी १९०६ साली केनियात किजाबे येथे रिफ्ट व्हॅली अकॅडमी काढली.

मुलांचा प्रश्न सर्व मिशनांना सतावत होता. आजार, शिक्षणाची गैरसोय आणि मुले ‘स्थानिक’ होतील ही भीती, या तिन्हींमुळे लहान मुलांना युरोपात पाठवण्याची चाल पडली. १८३८ साली लंडनजवळ मिशनऱ्यांच्या मुलींसाठी आणि १८४२ साली मुलग्यांसाठी शाळा निघाल्या. बाझलने १८५३ साली मुलांसाठी वसतिगृह काढले. सहा-सात वर्षांचे मूल बोटीवर चढे ते आईला कित्येक वर्षांनी भेटे, आणि तेव्हा एकमेकांना ओळखणे कठीण जाई. विसाव्या शतकात आफ्रिकेतच शाळा निघाल्यावर ही ताटातूट कमी झाली. वायव्य झांबियात १९२५ साली निघालेली साकेजी शाळा त्यांपैकीच. आफ्रिकेतच राहिलेल्या मुलांपैकी काहींनी आफ्रिकेला कायमचे आपले मानले. पुरातत्त्वज्ञ लुई लीकी १९०३ साली काबेटे येथील मिशन-घरात जन्मला, किकुयू मुलांबरोबर वाढला आणि ती भाषा मातृभाषेसारखी बोलत असे.

एकट्या स्त्रियांचे घर हाही कुटुंबाचाच एक प्रकार होता. डंडीच्या गिरणीत काम केलेली मेरी स्लेसर १८७६ साली आजच्या नायजेरियातील कालाबारला आली आणि १८८८ पासून आतल्या ओकोयाँग प्रदेशात राहिली. जुळी मुले अशुभ मानून टाकून देण्याची रूढी तिथे होती. ती अशी मुले घरी आणून वाढवी. गोऱ्या मिशनऱ्याचा थाट न ठेवता मातीच्या घरात राहणारी, एफिक भाषेत भांडणारी आणि न्यायनिवाडे करणारी ही बाई गावाला आपली वाटली. काँगोत ॲलिस सीली हॅरिस हिने वेगळे साधन वापरले. रबराच्या सक्तीमुळे मारलेल्या लहान मुलीचा कापलेला हात आणि पाय समोर ठेवून बसलेल्या बापाचे तिने १९०४ साली काढलेले छायाचित्र युरोप-अमेरिकेतल्या सभांतून दाखवले गेले. काँगोवरची बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची सत्ता १९०८ साली संपली, त्यामागच्या लोकमतात या छायाचित्रांचा वाटा मोठा होता. मिशनच्या बायका केवळ घर सांभाळत होत्या असे मानणाऱ्यांनी ते छायाचित्र आठवावे.

वैद्यकीय कामातही दांपत्ये पुढे दिसतात. कंपालाच्या मेंगो रुग्णालयाचे आल्बर्ट कुक आणि परिचारिका कॅथरीन यांनी सुईणींचे प्रशिक्षण सुरू केले, आणि शिकलेल्या युगांडन सुईणी पुढे खेड्यांतल्या प्रसूतिगृहांतून काम करू लागल्या. गॅबनमधल्या लांबारेनेला आल्बर्ट श्वाइत्झर १९१३ साली गेला तेव्हा पहिल्या शस्त्रक्रिया कोंबड्यांच्या खुराड्यात झाल्या आणि शेजारी भूल देणारी पत्नी हेलेने होती. तिची प्रकृती पुढे खालावली, तिला बराच काळ युरोपात राहावे लागले, आणि जगाने फक्त त्याचे नाव लक्षात ठेवले. श्वाइत्झरची आफ्रिकी माणसाकडे लहान भाऊ म्हणून पाहण्याची वृत्तीही आता तपासली जाते, आणि ती तपासलीच पाहिजे.

मिशनचा सर्वांत बिकट वाद मात्र आफ्रिकी कुटुंबरचनेशी झाला. अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा द्यावा का? नातालचा बिशप कोलेन्सो म्हणाला की द्यावा, कारण बायकांना घराबाहेर काढायला लावणे हा मोठा अन्याय आहे. १८८८ साली अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने ते नाकारले. पुढे शंभर वर्षे हजारो बायकांना ‘दुसरी’ ठरवून दूर लोटले गेले, किंवा नवऱ्याने बाप्तिस्माच घेतला नाही. १९८८ साली त्याच परिषदेने काही अटींवर अशा कुटुंबाला सामावून घेण्यास मान्यता दिली. केनियात १९२९ साली मुलींच्या सुंतेविरुद्ध मिशनांनी प्रतिज्ञा मागितली आणि किकुयू मंडळींत मोठी फूट पडली. लोकांनी स्वतःच्या शाळा आणि चर्च काढली. या वादात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या: ती रूढी मुलींच्या शरीराला इजा करणारी होती, आणि परक्या सत्तेच्या छायेत फर्मान काढून ती बदलण्याचा प्रयत्न लोकांना जमिनी बळकावणाऱ्यांच्या हुकुमासारखा वाटला. त्यांपैकी एक सोडून दुसरी सांगणारा इतिहास अर्धवट राहतो.

याच्या पलीकडे लोकांनी स्वतःच मार्ग काढले. लायबेरियाच्या विल्यम वाडे हॅरिसने १९१३-१४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या खेड्यांतून अनवाणी फिरून लाखाहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला, आणि अनेक बायका असलेल्यांना परतवले नाही. काँगोचा सायमन किंबांगू १९२१ साली काही महिने उपदेश करून तुरुंगात गेला आणि तीस वर्षांनी तिथेच वारला. त्या तीस वर्षांत त्याची पत्नी मारी मुइलू हिने गुप्तपणे मंडळी जोडून ठेवली आणि पुढे मुलाने चर्चचे नेतृत्व केले. पूर्व आफ्रिकेत १९३० च्या दशकात रवांडातील गाहिनी येथून पसरलेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीने नवरा-बायकोने एकमेकांपुढे चुका कबूल कराव्यात असा आग्रह धरला. खेड्यातल्या घराच्या आतल्या वागणुकीवर त्याचा परिणाम झाला. बायकांच्या मंडळांचेही तसेच. मदर्स युनियन इंग्लंडमध्ये १८७६ साली निघाली, पण आज तिच्या सदस्यांचा मोठा भाग आफ्रिकेत आहे. दक्षिण आफ्रिकेतील गणवेशधारी ‘मान्यानो’ मंडळे प्रार्थनेबरोबर मयताचा खर्च आणि अडल्यानडल्याची मदत पाहतात.

स्वातंत्र्यानंतर शाळा आणि रुग्णालये अनेक देशांत सरकारकडे किंवा स्थानिक चर्चकडे गेली. केनियाचे जॉन गाटू यांनी १९७१ साली परदेशी माणसे आणि पैसा काही काळ थांबवण्याची मागणी केली, १९७४ साली लुसाका येथे अखिल आफ्रिकी चर्च परिषदेने तिला दुजोरा दिला. मागणी तंतोतंत अमलात आली नाही, पण नात्याचा सूर बदलला. झांबियाच्या चिकांकाता येथील साल्वेशन आर्मीच्या रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या शेवटी एड्सच्या रुग्णांची सेवा त्यांच्या घरी, कुटुंबाला बरोबर घेऊन करण्याची पद्धत बसवली. पुढे ती इतरत्र स्वीकारली गेली. आज नायजेरियन मिशनरी दांपत्ये देशाच्या उत्तरेत आणि शेजारच्या देशांत खेड्यांत राहतात. मुलांच्या शाळेचा, औषधांचा, तुटपुंज्या मानधनाचा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे. दुसरीकडे परदेशातून दोन आठवड्यांसाठी येणारे तरुणांचे गट आणि देणग्यांवर चालणारे अनाथाश्रम यांविषयी आफ्रिकेतूनच कठोर प्रश्न विचारले जात आहेत. नातलग हयात असलेल्या मुलाला संस्थेत का ठेवावे, हा त्यांतला सर्वांत रास्त प्रश्न. भाषा शिकायला वर्षे देणाऱ्या जुन्या कुटुंबांचे दोष मोठे होते, तरी तेवढी वर्षे एका गावात राहण्याला पर्याय नाही, हे या तुलनेत स्पष्ट दिसते.

या विषयाच्या अभ्यासाचेही टप्पे आहेत. आरंभी चरित्रे आणि प्रवासवर्णने आली. लिव्हिंगस्टनचे १८५७ सालचे पुस्तक त्यांत सर्वांत खपाचे. मग जोमो केन्याटा यांच्या ‘फेसिंग माउंट केनिया’ (१९३८) आणि चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) यांसारख्या ग्रंथांतून मिशनने मोडलेल्या जगाची बाजू समोर आली. रोलंड ऑलिव्हर आणि नायजेरियन इतिहासकार अजायी व आयांदेले यांनी मिशनच्या कागदपत्रांची इतिहासकाराच्या शिस्तीने छाननी केली. जीन आणि जॉन कोमारॉफ यांनी त्स्वाना प्रदेशातल्या मिशनकडे पाहताना घरे, कपडे, घड्याळ, नांगर यांतून माणसाचे मन कसे ताब्यात घेतले जाते ते दाखवले. लामिन सानेह यांनी उलट बाजू मांडली: बायबल स्थानिक भाषेत आल्यावर त्याचा अर्थ लावण्याची सत्ता मिशनऱ्याच्या हातातून निसटली. अलीकडे डाना रॉबर्ट, नॅन्सी रोझ हंट, एमिली मँक्टेलो यांच्यासारख्या अभ्यासकांनी स्त्रिया, बाळंतपण आणि कुटुंब यांना मध्यभागी आणले. सानेह आणि कोमारॉफ यांच्यात निवड करण्याची गरज नाही. एकाच ओसरीवर दोन्ही घडत होते: शिवणाच्या तासाला परकी शिस्त अंगात भिनत होती, आणि वाचायला शिकलेली मुलगी घरी जाऊन आजीला स्वतःच्या समजुतीने गोष्ट सांगत होती.

प्रस्तुत पुस्तक या अलीकडच्या टप्प्याच्या वाटेने जाते. त्यात मिशनचे एकक म्हणून ठाणे किंवा संस्था न घेता घर घेतले आहे, आणि त्या घरातली बायको, मुले, स्वयंपाकी, दाई, दुभाषी, आश्रित, शेजारी या सर्वांना पात्र मानले आहे. पत्रे आणि दैनंदिन्या यांबरोबर मंडळींच्या नोंदवह्या, छायाचित्रे आणि स्थानिक आठवणी वापरल्या आहेत. जिथे आफ्रिकी स्त्रीचे बोलणे परदेशी माणसाने लिहून ठेवले आहे, तिथे लिहिणाऱ्याचा हेतूही तपासला आहे. कालमर्यादा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंतची. भर प्रोटेस्टंट मिशनांवर आहे, कारण विवाहित मिशनरी तिथे होते. कॅथलिक धर्मभगिनींचे आणि व्हाइट फादर्स या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे काम तुलनेसाठी येते. इथिओपिया आणि इजिप्त येथील प्राचीन चर्च या आधुनिक मिशनांमधून जन्मलेली नाहीत आणि त्यांचा कुटुंबाशी असलेला संबंध वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून ती येथे घेतलेली नाहीत. शरणपूर आणि फ्रिअरटाउन यांना मात्र त्यांच्या आकारापेक्षा अधिक पाने दिली आहेत. नाशिक, मुंबई आणि मोंबासा यांच्यातील त्या ये-जेविषयी मराठीत वाचायला फार थोडे मिळते.